सत्कारानंतर

नोकरीत किती मृतदेहांचे पंचनामे केले, हे आता आठवत नाही. जुन्या जालन्यातल्या त्या भाड्याच्या खोलीचा पंचनामा मात्र विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. निवृत्तीपूर्वीचं ते माझं शेवटचं पोलीस ठाणं.

सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदार फोन ठेवून म्हणाले, "साहेब, स्टेशन रोडच्या मागं एक तरुण मयत आहे. वडील उठवताहेत, उठत नाही."

आम्ही पोहोचलो. मुलगा तिशीतला, बियाण्यांच्या गोदामात सुपरवायझर. अंगावर जखम नाही, खोलीत झटापटीची खूण नाही. कॉटखाली दारूची बाटली आणि उशीजवळ गोळ्यांची रिकामी पट्टी. झोपेच्या या गोळ्यांना आमच्याकडे नशा करणारे 'बटन' म्हणतात. वडील भिंतीला टेकून बसले होते. जाफराबाद तालुक्यातले शेतकरी, वय साठीच्या पुढे.

"काका, गोळ्या कुठून आल्या?" मी विचारलं.

"मला ठावं न्हाई, साहेब." ते फरशीकडे बघून बोलले.

अकस्मात मृत्यूची नोंद करून मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. तिथे मयताची धाकटी बहीण भेटली. तिचं सासर तीर्थपुरीला. आधी खूप रडली, मग पदरानं तोंड पुसून मला बाजूला घेऊन गेली.

"साहेब, दादा व्यसनमुक्ती केंद्रात राहून चांगला होऊन आल्ता. कामाला लागला. बाबांनी शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं अन् त्याच्यापाशी येऊन राहिले. गोदामात सोडायला जायचे, आणायला जायचे. दादा मला फोनवर म्हणायचा, 'बाकी सगळं जमून राह्यलंय. पण स्टेशनसमोरचा तो मोबाइल कव्हरवाला दिसला की पाय आपोआप वळतात.'"

आमच्यासाठी खबर एवढीच होती आणि ती पुरेशी होती. गुन्हे शोध पथकानं त्या कव्हरवाल्यावर नजर ठेवली. गिऱ्हाईक यायचं, कव्हर बघायचं, न घेताच जायचं. खात्री पटल्यावर नियमाप्रमाणे राजपत्रित अधिकारी आणि पंचांसमक्ष झडती घेतली. कव्हरांच्या खोक्याच्या तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. जप्ती झाली, अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, पोलीस कोठडी मिळाली.

मारल्याशिवाय आरोपी बोलत नाही, असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. विकणारा माणूस आधी सगळं नाकारतो. मग एखादी गोष्ट आपल्या अंगावर येतेय असं दिसलं, की तेवढ्यापुरतं खरं बोलतो. मी मयताचा फोटो समोर ठेवला.

"हा मेला. तुझ्या गोळ्यांनी."

तो चपापला. "जुनं गिऱ्हाईक आहे, साहेब. सेंटरमधून आल्यावर मधी थोडे दिवस येऊन राह्यला होता. मंग बंद झाला."

"आणि मेला त्याच्या आदल्या दिवशी?"

"तवा हा न्हाई आला. ह्याचा बाप आल्ता."

"खोटं बोलू नको."

"बिलकुल खरं, साहेब. मोबाइलमधला पोराचा फोटो दाखवला अन् म्हणला, ह्याला जी देत होता ती दे जल्दी. मी म्हणलो, बाबा, तुम्ही जा घरी. तर त्यानं माझे हात धरले."

स्वतःला वाचवायला तो बापावर ढकलतोय, असंच मला वाटलं. पण रस्त्यावरच्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रीकरण मागवलं, तेव्हा ते धोतर, तो सदरा आणि दोन्ही हातांनी धरलेले ते हात स्पष्ट दिसले.

मुलाचं तेरावं झाल्यावर वडिलांना बोलावलं. मुलीला बाहेर बसवून ते एकटेच माझ्यासमोर बसले. मी काही विचारायच्या आत बोलू लागले.

"गावच्या सप्त्यात त्याचा सत्कार झाला, साहेब. शाल दिली, श्रीफळ दिलं. महाराज पोरांना म्हणले, ह्याच्याकडं पाहा. त्याच्यानंतर घसरला. मी म्हणलो, चल, परत सेंटरला जाऊ. तर म्हणला, 'बाबा, कोणत्या तोंडानं जाऊ? तिथं सगळ्यांना माझंच उदाहरण देऊन राह्यलेत.' मलाबी पटलं. गावात कळलं तर काय, हे माझ्याबी डोक्यात होतं. म्हणलो, घरातच सोडवू."

"मग?"

"कोंडून ठेवलं. थरथरून राह्यला, ओकून राह्यला, भिताडावर डोकं आपटून राह्यला. फिट आल्यावाणी झालं. मला वाटलं, हा आता मरतो. मंग गेलो त्या कव्हरवाल्याकडं. रोज आपल्या हातानं एकेक द्यायची, कमी करत आणायची, असं ठरवलं होतं. एक दिली. लेकरावाणी शांत झोपला. बाकीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या अन् मीबी झोपलो. लई दिवसांनी झोप लागली होती, साहेब."

ते झोपलेले असताना मुलगा उठला, कडी काढून बाहेर गेला, दारू घेऊन आला आणि खिशातल्या सगळ्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. व्यसन सुटलं की शरीराची सवयही जाते. पूर्वी जेवढं पचत होतं, तेवढंच पुन्हा घेतलं तर जीव जातो. वरून दारू. आणि गोळ्या अचानक बंद केल्यावर झटके येतात, ते घरात कोंडून सांभाळायचं दुखणंच नव्हे.

गोळ्या विकत घेणाराही कायद्याने आरोपी ठरू शकतो. सरकारी वकिलांचं मत घेतलं, वरिष्ठांना अहवाल दिला. वडिलांना साक्षीदार करायचं ठरलं. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "मला आत घ्या ना, साहेब. बाहेर राहून काय करू?"

जबाबावर त्यांची सही घेतली आणि मुलीला आत बोलावलं.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात होतो. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या मुलाच्या हातात गोळ्या माझ्या अशिलानं दिल्या का?"

"न्हाई."

"मग कोणी दिल्या?"

"मी दिली."

कव्हरवाल्याला जप्त मालासाठी शिक्षा झाली. ती भोगून तो सुटलाही. तो आत असतानाच त्या रस्त्यावर गोळ्या विकणारा दुसरा माणूस आला होता. वडील गावी परतले. ते आता कुणाशी बोलत नाहीत, असं मुलगी सांगते.

मी पोलीस म्हणून कायम विकणाऱ्याच्या मागे धावलो. या प्रकरणात विकणारा सापडला, मुद्देमाल सापडला, गुन्हा शाबीत झाला, आणि तरी काहीच हाती लागलं नाही. पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, हे त्या बापलेकाला कुणी सांगितलं नव्हतं. सत्कार करायला सगळं गाव जमलं होतं.

आताही कुणी कुणी आई-बाप माझ्याकडे येतात. मी सांगतो, पोरगं पुन्हा घसरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, लोकांचं नंतर बघू. ते मान हलवतात. मग आई हळूच विचारते, "साहेब, पण हे कुणाला कळणार तर न्हाई ना?"