चौथ्या मजल्यावरच्या तारवाल्या बाई

त्या मोठ्या दवाखान्यात चौथ्या मजल्यावर, वऱ्हांड्याच्या अगदी टोकाला एक खोली होती. खोलीत एक खाट, एक स्टूल आणि कपाटाएवढं एक यंत्र. माणसाच्या मेंदूत ज्या बारीकशा विजेच्या लहरी चाललेल्या असतात, त्या कागदावर उमटवायचं ते यंत्र. सोळा पेनं एकदम कागदावर धावायची, कागद घड्या घालत खालच्या पेटीत पडायचा आणि खोलीभर अशी खरखर भरून राहायची, जशी सोळा मुलं घाईघाईने परीक्षेचा पेपर लिहितायत. हे यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळा दवाखाना तारवाल्या बाई म्हणायचा. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तेवढंच.

काम मोठं निगुतीचं. आधी टेपने डोकं मोजायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, केस बाजूला सारून त्या जागा कापसाने घासायच्या, मग चिकट पांढरा मलम आणि त्यावर तारेच्या टोकाची चकती. अशा एकवीस चकत्या. अर्धा तास त्यातच जायचा आणि त्या अर्ध्या तासात माणसं पोटातलं सगळं ओठावर आणायची. केसांतून कुणी हलक्या हाताने बोटं फिरवली की दगडालासुद्धा वाचा फुटते, असं बाई म्हणायच्या.

"बाई, शॉक नाही ना देणार?" हा प्रश्न रोजचा.

"मी देत नाही हो, मी नुसता घेते," हे उत्तरही रोजचं.

एकदा एक बायको नवऱ्याला घेऊन आली आणि हळूच विचारू लागली, "यांच्या डोक्यात काय चाललंय, ते कळेल का यात?" बाई म्हणाल्या, "ते कळत असतं, तर आधी घरचं गिऱ्हाईक नसतं का बसवलं मी?"

पण "घाबरू नका" असं मात्र बाई कधीही, कुणालाही म्हणाल्या नाहीत. घाबरू नका म्हटलं की माणूस आधी शोधायला लागतो, घाबरायचं नेमकं कशाला ते. त्या म्हणायच्या, "दातावर दात नको. जबडा सोडा सैल. आता श्वास सोडायचा, सावकाश, गरम चहावर फुंकर घालतो तसा." माणसाने दात आवळले की पेनं पिसाळल्यासारखी नाचायची आणि कागद काळा व्हायचा. जबडा सुटला की रेघा निवायच्या. मग बाई डोळे मिटायला सांगायच्या. डोळे मिटले, जीव जरा स्वस्थ झाला, की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांत एकसारख्या, गोलसर लाटा उठायच्या. त्या लाटांना डॉक्टर मंडळी अल्फा म्हणत. बाईंना त्या बघायला फार आवडायच्या. हजारो वेळा बघून झाल्या, तरी प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, आला बाई हा माणूस घरी.

दुसऱ्याला असं घरी आणणाऱ्या बाई स्वतः मात्र दोन वर्षं वाट चुकल्या होत्या, आणि याचा पत्ता कुणालाच नव्हता.

झालं होतं ते असं. बाई चौतीस वर्षांच्या असताना एका दुपारी लिफ्टने वर येत होत्या. एकट्याच होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे वीज गेली. मिट्ट काळोख. हाक मारली तर आपलाच आवाज परत. चाळीस मिनिटांनी खालून हँडल फिरवून लिफ्ट सरकवली आणि बाई बाहेर आल्या, त्या घामाने निथळत. सगळे हसले, त्याही हसल्या, पाणी प्यायल्या, कामाला लागल्या. वाटलं, झालं गेलं.

पण गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टसमोर उभं राहिल्याबरोबर छातीत धडधडायला लागलं. बाई जिन्याने गेल्या. तिसऱ्या दिवशीही जिन्याने. कुणी विचारलं तर "व्यायाम" म्हणायच्या. इथवर ठीक होतं. पण भीती म्हणजे पाहुणी. ओसरीवर जागा दिली की स्वयंपाकघरात शिरते. काही महिन्यांत बाईंना न्हाणीघराची कडी लावता येईना. बसमध्ये गर्दी झाली की त्या मधेच उतरायच्या आणि उरलेली वाट चालत जायच्या. शेवटी पाळी आली त्यांच्या लाडक्या खोलीवर. दार लावून बसणं अशक्य झालं. त्या दार सताड उघडं ठेवून आलेख काढू लागल्या. वऱ्हांड्यातल्या आवाजाने पेशंट दचकायचे, आणि ते दचकणं कागदावर उमटायचं.

ते दिसलं मोठ्या डॉक्टरांना. मोठे डॉक्टर म्हणजे मेंदूच्या विभागाचे प्रमुख. उंचीने बाईंच्या खांद्याला लागतील इतके, म्हणूनच बहुधा सगळे त्यांना मोठे म्हणत. एक दिवस ते कागदांचा गठ्ठा काखेत मारून आले.

"बाई, दार उघडं का असतं हल्ली?"

"उकडतं हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी आपल्या अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं, मग बाईंच्या शालीकडे पाहिलं. पेशंटच्या खाटेवर बसले आणि पाय हलवत म्हणाले, "लिफ्टमामा सांगत होता, दोन वर्षांत तुमचं पाऊल लिफ्टला लागलेलं नाही."

बाईंच्या डोळ्यांना धारच लागली. दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "मला वेड लागतंय का हो?" त्यांनी विचारलं. "इतकी माणसं रोज माझ्या हाताखालून जातात. मीच त्यांच्यातली झाले का?"

"वेड कसलं डोंबलाचं!" डॉक्टर म्हणाले. "मेंदूत आत, खोल, बदामाएवढा एक भाग असतो. तो आपला रखवालदार समजा. त्याला एकदा चोर दिसला. आता मांजर गेलं तरी तो शिट्टी फुंकतो. शिट्टी वाजली की तुम्ही पळता. आणि तुम्ही पळालात की तो मिशीला पीळ देतो. म्हणतो, बघा, मी शिट्टी वाजवली म्हणून बाई वाचल्या."

"मग त्याला समजवायचं कसं?"

"बोलून नाही समजायचा. त्याला भाषा येत नाही. शिट्टी वाजू दे, आपण तिथेच उभं राहायचं. काही झालं नाही, हे त्याने आपल्या डोळ्यांनी बघायला हवं. एकदा नाही, पन्नासदा. तो ठोंब्या आहे, पण शिकतो."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. लिफ्टमामाला विश्वासात घेतलं. हा मामा म्हणजे सुटलेल्या पोटाचा, भरघोस मिशांचा माणूस, दिवसभर स्टुलावर बसून सगळ्या दवाखान्याच्या बातम्या वरखाली वाहणारा. दुपारच्या सुट्टीत तो लिफ्टवर "बंद आहे" अशी पाटी लावायचा. पहिला आठवडा बाईंनी फक्त उघड्या लिफ्टसमोर उभं राहायचं. दुसऱ्या आठवड्यात आत जायचं, पण दार उघडं. धडधड सुरू झाली की निघायचं नाही. श्वास हळू सोडत, ती उतरेपर्यंत थांबायचं. बाहेर लोक मामावर करवादायचे. "अरे, रोज कशी रे बंद पडते तुझी लिफ्ट?" मामा निमूट ऐकून घ्यायचा आणि त्यांची पाठ वळली की बाईंना म्हणायचा, "तुम्ही थांबा निवांत. शिव्या माझ्या, लिफ्ट तुमची."

तिसऱ्या आठवड्यात मामाने जाळीचं दार ओढलं, आणि त्या खडखडाटासरशी बाईंचं सगळं अवसान गळालं. दोन मिनिटांत त्या मामाला ढकलून बाहेर पडल्या, तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्याने नाही व्हायचं हे. सोडा नाद."

डॉक्टरांनी समजूत घातली नाही. ते म्हणाले, "आज सुट्टी झाल्यावर घरी जायची घाई करू नका. खोलीत भेटू."

संध्याकाळी पाचला बाई खोलीत आल्या, तर डॉक्टर टेप गळ्यात घालून उभे, शिंप्यासारखे. "झोपा खाटेवर," म्हणाले. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ते छत पाहिलं. त्याला एक लांब चीर होती. इतकी माणसं वर टक लावून काय बघायची, ते तेव्हा त्यांना कळलं. डॉक्टरांचा हात अगदीच अडाणी. मलम कानात गेला, दोन चकत्या सुटल्या. बाई पडल्या पडल्या सूचना देत होत्या, "मागे हो, अजून बोटभर मागे." शेवटी तारा लागल्या. डॉक्टर दाराशी गेले, म्हणाले, "लावतोय," आणि आतून दार लावलं.

पेनं भडकली. बाईंना ती दिसत नव्हती, पण नुसत्या आवाजावरून सगळं समजत होतं. काळा होतोय कागद, त्यांना वाटलं. दात आवळलेत मी. त्यांनी जबडा सोडला. फुंकर घातल्यासारखा श्वास सोडला. पुन्हा सोडला. शिट्टी वाजतच होती, बाई पडूनच होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू पेनांची खरखर मऊ होत गेली. मग डॉक्टर म्हणाले, "मिटा डोळे."

नंतर दोघांनी तो कागद जमिनीवर पसरला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि गुडघ्यांवर बसून वाचला. डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखवलं. "इथे दार लावलं. हा तुमचा सगळा गोंधळ. हे चौथं मिनिट, हे सहावं. आणि आता हे बघा." बाईंनी पाहिलं. नवव्या मिनिटाला मागच्या रेघांत लाटा होत्या, एकसारख्या, गोलसर, त्यांच्या आवडत्या.

"दार उघडलं होतं का मी मधे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग भीती कुणी उतरवली?"

बाई बराच वेळ त्या लाटांवरून बोट फिरवत राहिल्या. "आपली आपणच उतरली की हो ती," त्या म्हणाल्या. सांगोवांगी पटलं नव्हतं, पण कागदावर त्यांचा विश्वास होता. कागदाने त्यांना कधी फसवलं नव्हतं.

त्यानंतरही महिना लागला. चार दिवस पुढे, एक दिवस मागे, असं चाललं. शेवटी एका मंगळवारी बाईंनी मामाला बाहेरच ठेवलं, जाळी स्वतः ओढली, चारचं बटण दाबलं. दुसरा मजला गेला, तिसरा आला. छाती धडधडत होती, बाई तिला म्हणाल्या, धडधड तू, मी चाललेय वर. चौथ्यावर दार उघडलं तर समोर लिफ्टमामा! धापा टाकत, कठड्याला धरून, तोंडातून शब्द फुटत नाही. वेडा माणूस जिन्याने पळत आला होता, बाईंच्या आधी पोचायला. बाईंनी त्यालाच खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो थक्क झाला. "म्हणजे दोन वर्षं तू चार-चार मजले चढत होतीस? आणि मी म्हणतोय, हिचे गुडघे लवकर म्हातारे झाले!" मग हसणं थांबवून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गं?"

पुढे वर्षं गेली. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, मामा गावी गेला. एक दिवस चार हमाल येऊन ते कपाटाएवढं यंत्र उचलून घेऊन गेले आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर आला. रेघा तशाच, पण आता त्या पडद्यावर मुकाट्याने सरकायच्या. खोली इतकी शांत झाली, की पहिले काही दिवस बाईंना करमेना. घड्यांच्या कागदाचा वास, बोटांना लागलेली शाई, सोळा पेनांची ती खरखर, सगळंच गेलं. मात्र पेशंटशी त्या पूर्वीपेक्षा जास्त बोलत. कुणी भीतीने घरात कोंडून घेतलेलं असलं, तर चकत्या लावता लावता रखवालदाराची गोष्ट सांगत, आणि शेवटी म्हणत, "डॉक्टरांना सांगा हं हे. एकट्याने झुरू नका. मी झुरले, दोन वर्षं फुकट घालवली."

बाईही निवृत्त झाल्या. मग एक दिवस मोठ्या डॉक्टरांच्या सुनेचा फोन आला. डॉक्टरांना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग रस्ते, आता माणसं. बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. डॉक्टर खिडकीशी बसले होते, अजूनच लहान झालेले. नमस्कार केला, बसा म्हणाले, आणि अदबीने विचारलं, "आपण कोण?" बाईंनी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तासभर बाई जुन्या गोष्टी बोलत बसल्या. शिंप्यासारखा टेप, कानात गेलेला मलम, मामाची धाप. डॉक्टर खळखळून हसले, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसे.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "ओळखतच नाहीत, तर जाऊन काय उपयोग?"

बाईंनाही तेच वाटत होतं. पण रात्रीची जेवणं झाल्यावर सुनेचा फोन आला. "बाई, आज बाबा किती दिवसांनी पोटभर जेवले. गुणगुणत होते. कोण आलं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, कोणी नाही."

फोन ठेवून बाई नवऱ्याला म्हणाल्या, "कोण आलं, काय बोललं, हे मेंदू एकीकडे ठेवतो आणि बरं वाटलं ते दुसरीकडे. त्यांची पहिली खोली रिकामी झालीय. दुसरीत अजून सामान आहे."

तेव्हापासून बाई दर गुरुवारी दुपारी जात राहिल्या, चांगली चार वर्षं. डॉक्टरांनी त्यांना एकदाही ओळखलं नाही. पण तिसऱ्या वर्षी सुनेने एक गोष्ट सांगितली. गुरुवारी जेवण झालं की बाबा इस्त्रीचा शर्ट मागतात, केस विंचरतात आणि खुर्ची दाराकडे वळवून बसतात. वार तर त्यांना कळत नाही. घरातली लगबग बघून काही उमजत असेल. कुणाची वाट बघताय म्हटलं, तर जरा विचारात पडतात.

"ठाऊक नाही बुवा," म्हणतात. "पण कोणीतरी यायचंय. चांगलं माणूस आहे."