खोड आधी, गुण नंतर

कुत्र्यामांजरांना घरं शोधून देणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, केस आणि किस्से! केस झटकता येतात. किस्से मात्र चारचौघांत बसल्याशिवाय निघत नाहीत.

आमचा नगरचा ग्रुप म्हणजे साळवे मॅडम, बापू आणि मी. मॅडम निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची सोडवून आणलेली जनावरं राहतात. माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून फॉर्म आणि फोन माझ्याकडे. मॅडमचे नियम दोन. घर बघितल्याशिवाय जनावर द्यायचं नाही, आणि खोड आधी सांगायची, गुण नंतर. या दोन नियमांपायी आम्ही निम्म्या जिल्ह्याशी वाकडं घेतलंय!

*

कोपरगावहून एकाचा फोन आला. शुगर फॅक्टरीत कामाला.

"कुत्रा पाहिजे साहेब, पण फक्त रात्री भुंकणारा. माझी नाईट असते, दिवसा झोपावं लागतं."

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "आमचे सगळे तिन्ही शिफ्ट करतात. चालेल?"

फोन कट!

*

बापूंची उभी हयात घोडेगावच्या बाजारात जनावरांचे सौदे जमवण्यात गेली. लंगड्या बैलाला "चालीत जरा झोक हाय" म्हणून खपवणारा माणूस! वय झाल्यावर ते बायकोला घेऊन मुलाकडे नगरला आले, मॅडमचे शेजारी झाले आणि आमच्यात ओढले गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा ठार बहिरा कुत्रा एका कुटुंबाला दाखवला. "लई शांत! कानाशी फटाका वाजवा, हलला तर नाव सांगनार न्हाई!"

कुटुंब खूश. कुत्रा गाडीत बसलासुद्धा. तेवढ्यात मॅडमना कळलं आणि त्यांनी बापूंना गाडीमागे पिटाळलं. सत्तरीचा माणूस, धोतर सावरत कोपऱ्यापर्यंत पळाला आणि खिडकीला धरून ओरडला, "कुत्रं बहिरं हाय! आता न्यायचं तर न्या!"

हे त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते मागच्या सीटवरच्या आजोबांना ऐकू गेलं.

"एवढंच ना? मग आमची जोडी जमली!"

*

त्यानंतर बापू दुसऱ्या टोकाला गेले. एक बाई मांजर बघायला आल्या, तर हे सुरू. "उंदीर मारत न्हाई. दूध सांडती. हाक मारली तर तोंड फिरवती. अन् दिवसभर खुर्ची सोडत न्हाई."

बाई म्हणाल्या, "द्या. आमचे हे रिटायर झाल्यापासून मला सवय आहे."

*

राजूरला एका आजींचं घर बघायला गेलो. त्यांना आमचा काळा कुत्रा हवा होता. आजींनी पोहे केले. मॅडमनी वही काढली. कुत्रा झोपणार कुठे? खाणार काय? तुम्ही गावाला गेलात तर बघणार कोण? आजींनी सगळ्याची उत्तरं दिली.

"माझी पोरगी दिली तवा बी आमी एवढं घर बघितलं न्हाई! बरं, आता माझी पाळी. एवढं गुनाचं कुत्रं हाय म्हनता, मंग तुमी का सोडताय त्याला?"

 मॅडमनी वही मिटली आणि पोहे संपवले. आजी पास झाल्या.

*

आणि मग राणी.

बायपासला गाडीखाली सापडलेली तपकिरी कुत्री. बापूंनी तिला चार महिने हाताने भरवून उभी केली. पाय बरा झाला, स्वभाव तर लोण्यासारखा. तिच्यासाठी एक चांगलं घर मिळालं. मोठं अंगण, घरातल्या सगळ्यांची संमती, मॅडमच्या तपासणीत पैकीच्या पैकी! नवरा-बायको तिला न्यायला आले, नवा पट्टा घेऊन.

नियमाप्रमाणे बापू खोडी सांगायला उभे राहिले.

"चावती. कोंबड्या खाती. महिन्यातनं दोनदा आकडी येती. अन् पान्याला एवढी भिती, की नळ सोडला तरी घर सोडून पळती!"

हे चालू असताना राणी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून निवांत पडली होती. नवरा-बायको एकमेकांकडे बघत परत गेले. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही आणि राणीसाठीही.

मॅडमनी चष्मा काढला. "बापू, राणीला आकडी कधीपासून येते?"

बापू खाली बघत म्हणाले, "आज सकाळपास्नं."

आता ग्रुप मोडतो, असं मला वाटलं. मॅडमनी स्वतः फोन लावून बापूंच्या हातात दिला. "खरं काय ते सांगा. माझ्यासमोर."

बापूंनी चाचरत सांगितलं. पलीकडे ती बाई हसत होती, मलासुद्धा ऐकू आलं. "आजोबा, नळाचं सांगितलंत तेव्हाच आम्हाला कळलं होतं. राहू द्या तिला तुमच्याकडे."

मॅडमनी माझ्याकडून फॉर्म घेतला आणि बापूंपुढे ठेवला. "भरा. रविवारी घर बघायला येते. शेजारी आहात म्हणून नियम सुटणार नाही."

बापूंनी पेन खाली ठेवलं.

"रविवार कशाला, मॅडम? आत्ताच चला की! म्हातारीनं गोधडी तर दिवाळीतच शिवून ठिवलीय!"