हिरवं होईपर्यंत

१२ मार्च. एसटीने साताऱ्याहून सांगलीला निघाले होते आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर काम चालू होतं. हवामान रडारच्या फायली वाचणाऱ्या आमच्या अ‍ॅपच्या चाचण्या आपोआप चालतात; सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या की दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर जाणार होती. एक चाचणी मात्र कधी लाल व्हायची, कधी हिरवी. मी ती पुन्हा पुन्हा चालवत होते. आमच्यात याला चिकाटी म्हणतात.

शेजारी एक निवृत्त फौजी ताठ बसले होते. हवामानाचा अंदाज ताजा करायला अंगठ्याने मोबाइलचा पडदा खाली ओढायचे, वाचायचे, मान हलवायचे आणि पुन्हा ओढायचे. गावी, कुंडलला, त्यांची शिजवलेली हळद उघड्यावर वाळत होती आणि फोन पाऊस सांगत होता.

"आता बगा, पाऊस न्हाई म्हणतोय!" ते खुशीत म्हणाले.

हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहण्यात अर्थ नाही, असं मी त्यांना मास्तरणीच्या आवाजात सुनावलं. त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"आवं, मग तुमचं काय चाललंय?"

"चाचणी नापास झाली. परत घेतेय."

"पास हुईस्तवर?"

"हो."

"मग आपुन एकाच पलटणीतले की, बाई!"

हसतच त्यांनी घरी फोन लावला. "हळदीवर ताडपत्री टाक."

बायकोचा आवाज मलाही ऐकू आला. "कवाच टाकलीया. तुमची वाट कोण बगतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चाचणी एकदाच चालवली. लाल झाली. नवी आवृत्ती थांबवायला सांगितलं आणि चूक शोधायला बसले.