मिशाळचा दगड

फाउंड्रीत माझ्या शेजारी एक मोल्डर काम करायचा. मिशा झुपकेदार, म्हणून सगळे त्याला मिशाळ म्हणत. दर रविवारी तो नदीवर जाई, शिंगाळा धरायला. शिंगाळा म्हणजे खोल डोहाच्या तळाशी राहणारा, बिनखवल्यांचा, लांब मिशांचा मासा. मिशाळची बायको घरी ब्लाउज शिवायची. तो तिला म्हणायचा, "चल की एकदा." ती म्हणायची, "घरातला मिशीवाला सांभाळते तेवढं पुरे." आणि मशीनवर बसायची.

मिशाळ गेला. पुढच्या उन्हाळ्यात वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात त्याची काठी.

"भाऊजी, मला शिंगाळा धरायला शिकवा."

"बाजारात मिळतो, वहिनी. साफ करून देतात."

"खायचा नाहीये. हे म्हणायचे, मासा ओढायला लागला की खांद्यापर्यंत कळतं. मी कधी बघायला गेले नाही. आता सांगणारंही कोणी नाही."

रविवारी निघालो.

डोह खोल, तिथे तरंगतं बूच उपयोगाचं नाही. शिशाचा गोळा तळाला टेकला की सैल दोरी गुंडाळून घ्यायची, उरलेली बोटावर धरायची आणि गप्प बसायचं. शिंगाळा आधी मिशांनी चाचपतो. तेव्हा हलायचं नाही. मग आमिष तोंडात धरतो, सोडतो. तेव्हाही नाही. दोरी एकसारखी जायला लागली की मगच झटका. बस, एवढंच शिकायचं. पण एवढ्यातच माणसं थकतात.

वहिनींना त्यांचा हातच आडवा आला. जन्मभर सुई चालवलेली. दोरा जरा ताणला की बोट आपोआप खेचून टाका घट्ट करायचं. मासा नुसता शिवून गेला तरी त्या ओढायच्या. गळ रिकामा वर, गांडूळ गायब.

"नदीला काजं करायला बसलात का, वहिनी?"

"हसा तुम्ही. हात ऐकत नाहीये माझं."

पण कामाला कुचराई नाही. गांडुळं स्वतः उकरायच्या. गाठ माझ्यापेक्षा चांगली मारायच्या. मिशाळ ज्या रुंद दगडावर बसायचा त्यावरच बसायच्या, पण अगदी डाव्या कडेला.

"आत सरका, पडाल."

"बरी आहे मी इथंच."

मी त्यांच्या डावीकडे, खाली वाळूवर बसायचो.

उन्हाळा सरत आला. नदी चढली की डोहावर बसता येत नाही. त्या रविवारी वहिनींनी काठी उजव्या हातात घेतली आणि दोरी डाव्या बोटावर.

"हे काय?"

"या हाताला शिवता येत नाही."

मला हे सुचलं नव्हतं.

दुपारी दोरी थरथरली. डावं बोट तसंच राहिलं. पुन्हा थरथरली. वहिनींनी श्वास धरला होता. मग दोरी सरळ निघाली आणि त्यांनी झटका दिला. काठी वाकली, दोरी तिरपी धावली आणि एकदम थांबली.

"कपारीत शिरला," मी म्हणालो. "सैल सोडा."

"नाही सोडणार."

"ओढाल तेवढा तो आत रुतेल. सैल पडलं तरच बाहेर येतो."

"आणि आलाच नाही तर?"

"तर नाही."

त्यांनी हात मागे घ्यायच्या ऐवजी पुढे केला. दोरी पाण्यावर निजली. बराच वेळ काही नाही. मी उठणार, तेवढ्यात दोरी हळूच कपारीपासून दूर सरकू लागली.

"आता."

या वेळी ओढ खरी होती. वहिनींच्या पायाखालची वाळू दगडावर करकरली. मी हात पुढे केला. "लांब राहा," त्या ओरडल्या. मी लांब राहिलो. मासा वर आला, काळपट, हातभर, मिशा हलवत.

वहिनींचा खांदा अजून थरथरत होता. चेहरा फुललेला.

"अहो, बघा!" त्या म्हणाल्या आणि उजवीकडे वळल्या.

तिकडे नुसता दगड होता.