कागदाशिवायच्या बाटल्या

डॉक्टर काझींनी बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "गायकवाड, हिच्यासोबत माहितीचा कागद असतो. तो कुठंय?"

कळंबच्या त्यांच्या दवाखान्यात मी दर महिन्याला जायचो. ते आवर्जून चहा पाजायचे. त्या दिवशी त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

मी तेव्हा एम.आर. होतो. म्हणजे औषध कंपनीचा माणूस. डॉक्टरांना भेटायचं, पाठ केलेलं बोलायचं, सॅम्पल म्हणून फुकटच्या बाटल्या ठेवायच्या आणि आमचंच औषध लिहून द्या म्हणून विनवायचं. पूर्ण उस्मानाबाद जिल्हा माझ्याकडं होता. तामलवाडीच्या आमच्या वस्तीतला टाय बांधून नोकरीला जाणारा मी पहिलाच. वडील मला शेजाऱ्यांसमोर "साहेब" म्हणायचे.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लोक तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि मिळेल ते पाणी पीत होते. पोरांना जुलाब लागले होते. आमच्या कंपनीत याला "सीझन" म्हणत. मीटिंगमध्ये हा शब्द सगळे सहज वापरत. मीही वापरला आहे.

सॅम्पल होतं जुलाब थांबवणाऱ्या थेंबांचं. आठ महिन्यांची एक मुलगी जुलाबानं सुकली होती. तिची आई तलावाच्या कामावर होती, औषध विकत घेणं तिला शक्य नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी मी दिलेली बाटली तिच्या हातात ठेवली. जुलाब थांबले. दुसऱ्या दिवशी मुलीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि ती डोळे उघडेना. तिला जीपमधून उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं.

"या औषधानं आतड्याची हालचाल मंद होते," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या माणसाचं निभतं. तान्ह्या लेकराचं आतडं पार थंड पडतं. मी विचारायला पाहिजे होतं, ती माझी चूक. पण तुम्ही दाखवलेल्या चित्रात रांगतं बाळ होतं ना?"

होतं. डॉक्टरांना दाखवायच्या आमच्या रंगीत पुस्तकात पहिल्याच पानावर गुटगुटीत बाळ हसत होतं.

मी खोटं बोललो. या वेळी माल कागदाशिवायच आला, असं सांगितलं.

खरी गोष्ट अशी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमचे एरिया मॅनेजर सोबत फिरायला आले होते. लॉजच्या पलंगावर त्यांनी मला बॅग भरायला शिकवलं. प्रत्येक बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढायची. खोकी बाजूला, बाटल्या बॅगेत. दुप्पट मावतात. "डॉक्टर काय खोकं पाजणार आहे का पेशंटला?" असं म्हणून ते हसले होते. आमच्यातले सगळेच एम.आर. असंच करायचे. एसटीनं फिरणाऱ्या माणसाला बॅगेतली जागा फार मोलाची. कागद खोक्यात असायचा, तो खोक्याबरोबर जायचा.

त्या संध्याकाळी खोलीवर परत आल्यावर मी रिकाम्या खोक्यांच्या पोत्यातलं एक खोकं उघडलं आणि कागद पहिल्यांदा वाचला. बारीक अक्षरात, खालून तिसरी ओळ. दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. वर्षभर मी ते औषध खपवत होतो.

सकाळी पोस्टातून मॅनेजरांना सोलापूरला ट्रंककॉल लावला. सगळं सांगितलं. बाटल्या परत गोळा करू द्या, म्हणालो.

"तुला कुणी सांगितलं खोकी काढायला?"

"साहेब, तुम्हीच दाखवलं होतं."

"मी दाखवलं? लेखी आहे काही?" मग आवाज मऊ झाला. "हे बघ गायकवाड, माल परत घेतला की चूक कबूल केल्यासारखं होतं. औषध डॉक्टरनं दिलंय, तू नाही. उद्या तुझा तुळजापूर टूर आहे, तो कर. ऐन सीझनमध्ये असला येडेपणा नको."

मुलगी जगली का, हे त्यांनी विचारलं नाही. मला अजूनही त्या गोष्टीचा संताप येतो. औषधाच्या धंद्यातला माणूस, स्वतःला दोन मुलं, आणि तेवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही.

मी तुळजापूरला गेलो नाही. चार दिवस एसटीनं फिरून डॉक्टरांकडून बाटल्या मागून घेतल्या. एक डॉक्टर म्हणाले, दिलेलं दान परत मागणारा कंपनीवाला पहिल्यांदाच बघतोय. दुसऱ्यांनी बाटली दिली आणि पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं. एक बाटली माकणीला एका घरी गेली होती. तिथवर गेलो. म्हातारीनं ती न फोडता देवळीत ठेवली होती. "पेजेनंच थांबलं की," म्हणाली. "मग कशाला पाजावं?" मी तिच्या उंबऱ्यावरच बसलो.

पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. मुलगी सलाईनवर होती, पण डोळे उघडे होते. पोट उतरलं होतं. आई खाटेजवळ खाली बसली होती. माझा टाय बघून उठायला लागली.

"तुमी डाक्टर हाव का?"

"नाही."

"मग कशाला आलाव?"

याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. बाटली माझी होती, कागद मी काढला होता. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "चौकशीला आलोय." ती म्हणाली, "लई उपकार झाले बघा, कुणी इचारायला येत न्हाय." ते उपकार मी ऐकून घेतले आणि बाहेर पडलो.

डॉक्टर काझींना मात्र त्याच आठवड्यात खरं सांगितलं. ते मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? वरच्यांना लिहून द्या."

म्हणून राजीनाम्यात लिहून दिलं. खोकी, कागद, बाळाचं चित्र, ट्रंककॉल, सगळं. मॅनेजरांनी समोर बसून वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. दुसरा कोरा कागद पुढं सरकवला.

"कारण घरगुती अडचण लिही. नाहीतर अनुभवाचा दाखला मिळणार नाही. नवी नोकरी कोण देईल तुला?"

सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात, म्हणजे गावोगावचं दूध गार करून ठेवतात तिथं, दूध तपासणारा माणूस हवा होता. पगार निम्मा. पण दाखला मागत होते. वडीलही तलावाच्या कामावर जात, खडी फोडून घरी परतायचे तेव्हा त्यांच्या हाताला फोड आलेले असायचे. मी घरगुती अडचण लिहिलं आणि सही केली.

संघात मी अजून आहे. ते थेंब पुढची दोन वर्षं तसेच विकले गेले. माझ्या जागी आलेला एम.आर. भला माणूस होता. त्याला मी गाठून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मॅनेजरांना विचारलं. मॅनेजरांनी त्याला माझा राजीनामा दाखवला. त्यात तसं काहीच नव्हतं.

नोकरी सोडणाऱ्यांना मी एकच सांगतो. कारण खरं लिहा, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.