मामांच्या घरगाडीचं स्टेअरिंग

जगात जे जे वाकडं आहे ते सरळ करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडे त्यांची वस्ती. तिथून ते बारामतीला आमच्याकडे आले की चपला काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. ते आधी सरळच असे, मामांनी हात लावल्यावर तिरपं होई. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट एका बाजूनं खाली आल्याचं त्यांना दिसलं. मामा उठले, भटजींच्या हातातलं टोक वर केलं, लांब जाऊन पाहिलं, परत येऊन जरासं खाली केलं. तेवढ्यात मुहूर्त टळला. नवरदेवाकडची मंडळी तणतणायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "मुहूर्त काय, दुसरा घावंल. फोटू मातूर जलमभर ऱ्हातूय." भटजींनी लगेच दुसरा मुहूर्त काढून दिला. मांडवात जेवणं खोळंबली की पंचांगातही मुहूर्त पटापट सापडतात.

या सरळपणाच्या कैवाऱ्याची स्वतःची बैठक मात्र पार वाकडी होती. मामांची उभी हयात ट्रॅक्टरवर गेली. ट्रॅक्टर हाकताना मागच्या नांगरावर नजर ठेवावी लागते, म्हणून मामा कायम उजव्या खांद्यावरून मागं बघत. ती सवय अंगात इतकी मुरली, की ते कुठंही टेकले तरी डावा खांदा पुढं आणि मान उजवीकडं मागं वळलेली, कलती. उभे राहिले की ठीक, बसले की वाकडे. जेवताना ते माझ्याशी बोलत, आणि माझ्या शेजारचा पाहुणा आपल्यालाच विचारलंय असं समजून उत्तर देई. त्यांच्या उसाच्या सऱ्या बघायला लोक लांबून येत, इतक्या त्या सरळ. त्यामुळे मामांना "तुम्ही वाकडे बसता" असं म्हणायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मामांनी घरगाडी घेतली. भिगवणला हायवेवरच्या एका ढाब्यामागं ती कित्येक वर्षं पडून होती. कुणी परदेशी जोडपं ती तिथवर हाकत आलं होतं, आणि बंद पडल्यावर एसटीनं पुढं गेलं होतं. आत झोपायला फळी, स्वयंपाकाचा ओटा, मागं बसायला बाकडं. आणि स्टेअरिंग डावीकडं. गावाला मत द्यायला निवडणूक लागत नाही. स्लॅबचं घर असताना माणूस गाडीत झोपायचं म्हणतो, म्हणजे बायकोनं घराबाहेर काढलेलं दिसतंय, असं कट्ट्यावर एकमतानं ठरलं.

खरं कारण उलटं होतं. मामी कुठं मुक्कामाला म्हणून जात नसत. "हितली चूल सोडायची आन् पाव्हण्याच्या चुलीम्होरं बसायचं, त्यापरीस हितंच बरं," असं त्या म्हणत. म्हणून मामांनी घरच चाकांवर घेतलं. उजनी धरणाच्या पाण्याकाठी गाडी लावायची, पाखरं बघायची, राहायचं. मामींनी गाडीतला ओटा पाहिला.

"म्हंजी तितंबी भाकरी मीच थापायची."

"न्हाय. तितं मी थापनार," मामा म्हणाले, आणि खरंच परातीपुढं शिकायला बसले. जगाला सरळ करणाऱ्या या माणसाची एक भाकरी गोल झाली नाही. मामी मनातून विरघळल्या, पण अट घालायला विसरल्या नाहीत. "त्ये स्टेरिंग आदी सरळ करा. मग बसंन."

अट चुकीची नव्हती. स्टेअरिंगखालचा दांडा इतका झिजला होता की स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करायची आणि मग मनाला येईल तिकडं वळायची. मामांनी बारामतीच्या भंगारातून जुन्या ट्रकचा दांडा आणला, लेथवर मापाचा करून बसवला. पुढची चाकं नाकासमोर आहेत ना, हे सुतळी ताणून पाहिलं. मग सीटवर बसून त्यांनी स्टेअरिंग दांड्याच्या दात्यांवर सरळ ठेवलं, नट आवळला, खाली उतरून काचेतून पाहिलं, तर ते वाकडं. उभ्यानं सरळ केलं, वर चढून बसले, तर पुन्हा वाकडं. "मी उतारलो का ह्यो दांडा फिरतूया," मामा म्हणाले. आधी त्यांनी अंगणाच्या उताराला दोष दिला. मग गाडी गावच्या रस्त्यावर नेली, आणि तिथंही तेच झाल्यावर रस्ताच वाकडा असल्याचं पंचायतीत जाऊन सांगितलं. पंचायतीनं ते तत्काळ मान्य केलं. रस्ता आणखी एकदा करायला तिथं कुणाचीच ना नव्हती.

असे आठवडे गेले. शेवटी मी मामींना हळूच म्हणालो, "मामी, दोष दांड्यात नाही. मामा वाकडे बसतात."

"ठावं हाय मला. लगीन झाल्यापास्नं बगतीया," मामी म्हणाल्या. "सऱ्या सरळ वडता वडता वाकलंय त्ये आंग. त्यालाच आता वाकडं म्हनायचं व्हय? सांगू नगासा त्यांनला."

त्या दिवशी मामा गाडीच्या पायरीवर पाना हातात धरून बसले होते. माझ्या शर्टाची कॉलर दुमडलेली होती. त्यांनी ती पाहिली आणि सरळ केली नाही. मला फार वाईट वाटलं. मामींनीही ते पाहिलं असावं. पदराला हात पुसत त्या गाडीपुढं गेल्या, काचेतून त्या तिरक्या स्टेअरिंगकडं नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "झालं की सरळ. चला आता."

आणि मागच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. मामा उठले. "बगितलंसा जावईबापू? येकच दात चुकत हुता," म्हणत त्यांनी आधी माझी कॉलर सरळ केली. उजनीपर्यंत मी शेजारी जीव मुठीत धरून बसलो, आणि मागून मामी सारख्या म्हणत होत्या, "अवो, फुडं बगा." पाण्याकाठी मामांनी भाकरी थापल्या. मामींनी त्या नावं न ठेवता खाल्ल्या, दोन दिवस.

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात ती दोघं जात राहिली. मग मामा गेले. मामी आमच्याकडे बारामतीला राहायला यायला निघाल्या, तेव्हा गाडीही आणायची ठरली. चालवायला मी, मागं बाकड्यावर मामी. निघण्याआधी स्टेअरिंग सरळ करून घेऊ म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "त्याला हात लावायचा न्हाय."

वाटभर ते तिरकं स्टेअरिंग डोळ्यांना खुपत होतं. एका रिकाम्या रस्त्यावर मी सहज मामांसारखं बसून पाहिलं. डावा खांदा पुढं, मान उजवीकडं मागं वळलेली. स्टेअरिंग अगदी सरळ झालं. पण तिथून रस्ता दिसेना. दिसत होतं ते मागचं बाकडं, आणि त्यावर खिडकीशी बसलेल्या मामी.

मामी हळू आवाजात म्हणाल्या, "फुडं बगा."

मी पुढं बघितलं. स्टेअरिंग पुन्हा वाकडं झालं होतं, आणि गाडी सरळ चालली होती.