तात्यांची चित्रवर्णनं

कॉलेजच्या ग्रंथालयात तात्यांची ख्याती एकच: त्यांना गोड बोलता येत नाही. "हे पुस्तक कसं आहे?" असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "जाड आहे." शेवटी त्यांना देवघेवीच्या काउंटरवरून उचलून दुसऱ्या मजल्यावर फाटकी पुस्तकं चिकटवायला बसवलं.

तिथे रोज एक मुलगी यायची. पीएचडी करणारी, डोळ्यांनी तिला अजिबात दिसत नसे. तिचा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, पण ग्रंथालयाची वेबसाइट उघडली की "चित्र, बटण, चित्र, बटण" एवढंच बडबडत सुटायचा. पुस्तक राखून ठेवायचं बटण कुठलं, एवढं विचारायला ती बिचारी दोन जिने चढायची. तात्यांचा जीव तुटायचा.

अखेर वेबसाइटवाल्याने उपाय सांगितला. प्रत्येक बटणाला नाव द्यायचं आणि प्रत्येक चित्रामागे वर्णन लिहायचं. ते वर्णन दिसणाऱ्यांना दिसत नाही, फक्त लॅपटॉप वाचून दाखवतो. काम किचकट, म्हणून सगळ्यांनी हात झटकले आणि ते तात्यांच्या गळ्यात पडलं. 'दिसणाऱ्यांना दिसत नाही' एवढंच तात्यांनी पक्कं लक्षात ठेवलं आणि महिनाभर अगदी मन लावून लिहिलं.

मग तपासणी समिती आली. मिरवायची एवढी नामी संधी प्राचार्य कशाला सोडतात! त्यांनी मुलीला पाहुण्यांसमोर बसवलं आणि लॅपटॉप थेट स्पीकरला जोडला.

"बटण. पुस्तक राखून ठेवा," लॅपटॉप म्हणाला. टाळ्या पडल्या.

"चित्र. वाचनकक्ष. फोटोत प्रशस्त वाटतो, तेवढा नाही. खिडकीजवळचं टेबल डुगडुगतं, तिथे बसू नये."

कुणीतरी खोकलं.

"चित्र. चाकांच्या खुर्चीसाठी उतार. वर मधोमध कुंडी ठेवली आहे, खुर्ची जात नाही. चित्र. प्राचार्य. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. हे केस आता नाहीत."

समितीच्या अध्यक्षबाईंनी तोंडाला रुमाल लावला. प्राचार्य लालबुंद झाले.

"तात्या, हे सगळं आत्ताच्या आत्ता पुसून टाका!"

तात्यांच्या मनात आलं, स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण पोरगी पुन्हा "चित्र, बटण"वर येणार आणि पुन्हा जिने चढणार. ते मुकाट्याने पुढे झाले.

"सर, पुसू नका ना," मुलगी म्हणाली. "सहा वर्षं आहे मी इथे. काहीही विचारलं की सगळे 'छान आहे' म्हणतात. त्या टेबलावरून माझा लॅपटॉप दोनदा पडला, पण ते डुगडुगतं हे कुणी सांगितलंच नाही."

प्राचार्यांचा हात नकळत डोक्यावर गेला.

"केसांचं तेवढं काढा," ते पुटपुटले. "बाकीचं राहू द्या. आणि ती कुंडी हलवा आधी."

पाहुणे चहाला गेले. तात्या मात्र जागचे हलले नव्हते.

"तात्या, गप्प का?" मुलीने विचारलं.

"काही नाही गं. पुस्तकांची धूळ गेली डोळ्यांत."

"नीट वर्णन करा."

तात्यांनी नाक ओढलं. "रडतोय," ते म्हणाले.